बाणाई गायची की नाही: एका जागरणातला पेच

पार्श्वभूमी

नीरा आणि कऱ्हा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव. काही वर्षांपूर्वी वैशाखात तिथल्या एका शेतकरी घरात धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि तिसऱ्या रात्री अंगणात खंडोबाचं जागरण ठरलं. मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी ज्या वाघ्याच्या, म्हणजे खंडोबाची कथा गाणाऱ्या भक्ताच्या, पार्टीचं गाणं मी सहा वर्षं ध्वनिमुद्रित करत होते, त्याच पार्टीला ही सुपारी मिळाली होती. म्हणून मी आणि माझे दोन विद्यार्थी त्या रात्री तिथं होतो.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घराची जात लिहिलेली नाही. माणसं नात्यानंच ओळखायची. तात्या म्हणजे नवरदेवाचे थोरले चुलते, घराचे कर्ते. बापू वडील, काकू आई. मुख्य वाघ्याला आम्ही सगळे मामा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला मामी. मामी पार्टीत मुरळीचं, म्हणजे देवापुढं गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईचं, काम करतात. त्या देवाला वाहिलेल्या नाहीत. मुली देवाला वाहण्याच्या प्रथेवर 2005 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि या पार्टीतल्या दोन्ही बायका घरसंसार सांभाळून गाणाऱ्या आहेत.

खंडोबा या घराचं कुलदैवत. जागरण घातल्याशिवाय लग्न पुरं झालं असं इकडं कुणी मानत नाही. नवी सून घरात आली हे देवाला सांगायचं, त्याची कथा रात्रभर गायची, पहाटे लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडायचा, मग नवरा-नवरीनं जेजुरीला जायचं. जेजुरी या गावापासून फार लांब नाही.

या घराला थोरली लेक होती. चार वर्षांपूर्वी तिनं धनगराच्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा परका नव्हता. त्याच्या आजाची मेंढरं याच घराच्या रानात बसायची. बाजरी निघाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, यायचा, आठ-दहा रात्री मेंढरं वावरात बसायची, लेंडीखत पडायचं, त्याच्या बदल्यात घरातून धान्य जायचं, आणि दिवाळी झाली की वाडा घाट उतरून कोकणात जायचा. तात्या आणि तो आजा एका बांधावर बसून तंबाखू मळलेली माणसं. नातू काही मेंढरांमागं गेला नाही, आयटीआय करून कारखान्यात लागला. दोघांची ओळख तालुक्याच्या एसटीतली.

त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली अर्ज केला. 1954 च्या या कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते. ती कुणीतरी वाचली आणि घरी सांगितली. त्या तीस दिवसांत घरात जे झालं ते मला लेकीकडून कळलं आहे, पण ते लिहायची तिची परवानगी नाही. लग्न झालं. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. भावाच्या लग्नपत्रिकेत ते नव्हतं, आणि करवली म्हणून चुलत बहीण उभी राहिली.

गाण्यातली गोष्ट

ज्यांनी जागरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची लेक. पालीला त्यांचं लग्न लागलं. पुढं एकदा देव म्हाळसेशी सारीपाट खेळायला बसला आणि हरला. पैज बारा वर्षं घर सोडण्याची होती. देव घर सोडून निघाला, म्हाताऱ्याचं रूप घेतलं आणि चंदनपुरीला बाणाई धनगरणीच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहिला. चंदनपुरी मालेगावजवळ आहे, आजही तिथं यात्रा भरते. मेंढरं मारणं, ती पुन्हा उठवणं, त्या बदल्यात बाणाईचा हात मागणं असे प्रसंग पुढं येतात. शेवटी देव बाणाईला घेऊन जेजुरीला येतो आणि म्हाळसा दार अडवते.

खंडोबाच्या पाच बायका सांगतात: म्हाळसा, बाणाई, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई भागवीण. प्रत्येकीची जात वेगळी, म्हणून हा देव इतक्या जातींचा कुलदैवत आहे, असं अभ्यासक म्हणतात. पण गाण्यात रंगते ती बाणाईच. मेंढपाळ धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या जमवणारे गुंथर सोन्थायमर यांच्या कामात बाणाईची कथा पुन्हा पुन्हा येते. धनगर ती आपल्या लेकीची म्हणून गातात. वाघ्ये ती देवाची म्हणून गातात.

मामांच्या पाठात देवाचं बाणाईशी लग्न वीस मिनिटांत उरकतं. त्यानंतरचं दोघी सवतींचं भांडण मात्र तासभर चालतं. म्हाळसा हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणते, हिला आमच्या चुलीचं सोवळं कळत नाही म्हणते. बाणाई तिला तोडीस तोड उत्तर देते. श्रोते हसतात, आणि हसता हसता बायका डोळे पुसतात, हे मी किती जागरणांत पाहिलं त्याची गणती नाही. शेवटी म्हाळसा वर देवापाशी आणि बाणाई अर्ध्या गडावर अशी वाटणी होते. जेजुरीच्या पायऱ्या चढताना बाणाईचं देऊळ वाटेत लागतं ते म्हणून.

अडचण

सुपारी ठरवायला मामा त्या घरी गेले तेव्हा तात्यांनी ओसरीवर बसवून सांगितलं: "बुवा, मणिमल्लाचा वध लावा, म्हाळसाचं लगीन लावा. बानूचं काही नको." मणिमल्ल म्हणजे खंडोबानं मारलेले मणी आणि मल्ल हे दैत्य, आणि बानू म्हणजे बाणाई.

मामांनी कारण विचारलं नाही, त्यांना ठाऊक होतं. एवढंच म्हणाले की तात्या, देवाची कथा आहे, त्यात कुणाच्या घरचं काय असतंय? त्यावर तात्या जे बोलले ते मामांनी मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तेच शब्द: "देव बापय होता बुवा. त्यानं आणली. आमची गेली."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तात्या अडाणी नव्हते की ढोंगी नव्हते. कुलदैवतानं केलेलं आपल्या लेकीनं केलं तर चालत का नाही, या प्रश्नाचं त्यांच्यापाशी असलेलं उत्तर त्यांनी सरळ सांगितलं. धनगराची पोर देवाच्या घरी येणं आणि घरची लेक धनगराच्या घरी जाणं हे त्यांच्या लेखी एकच नव्हतं. गाणं पुरुषाच्या बाजूनं रचलेलं आहे, हे त्यांनी आमच्या वर्गातल्या कुठल्याही चर्चेपेक्षा नेमकं पकडलं होतं. त्या उत्तराखाली दुखणं होतं, तेही मामांना दिसलं. सांगताना तात्या मामांकडं बघत नव्हते, समोरच्या वावराकडं बघत होते. मेंढरं बसायची ते वावर तेच.

मामा म्हणाले, "बघतो. देव सुचवंल तसं."

हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो तसाच निसटला. तात्यांनी 'बघतो'चा अर्थ होकार घेतला, मामांनी तो तसा दिलेला नव्हता. बारा हजार ठरले, पाच हजार इसारा घेतला आणि मामा घरी आले.

पर्याय

जागरणाच्या दोन दिवस आधी मामांच्या अंगणात लिंबाखाली आम्ही बसलो होतो. मी बैठक मुद्रित करायला गेले होते, पण बोलणं सुरू झाल्यावर यंत्र बंद ठेवलं.

सुपारी परत करावी, हे तुणतुणंवाल्याचं मत. मामांना ते पटत नव्हतं. वैशाखात तारखा भरलेल्या असतात, त्या घराला दुसरी पार्टी मिळाली नसती, आणि सून आल्यावर जागरण राहिलं तर त्याचा बोल कुणावर आला असता? लेकीवरच. तिनं कुळाला बट्टा लावला म्हणून देव रुसला, असं गाव म्हणालं असतं. हा विचार मला सुचला नव्हता.

बाणाईचा भाग गाळावा, हा दुसरा पर्याय, आणि सगळ्यात सोपा. अलीकडं पुष्कळ पार्ट्या कथा कापतात. रात्रभराचं जागरण तीन-चार तासांवर आलं आहे, मधे सिनेमाच्या चालीवरची गाणी असतात. कुणी तक्रारही केली नसती. पण मामा म्हणाले, "बाणाई काढली तर देव बारा वर्षं कुठं होता, हे कोण सांगणार? म्हाळसा रडते कशापायी, ते तरी कसं कळणार?" कथाकाराच्या नजरेनं हे बरोबर आहे. देव घरातून गेला आणि परत आला, या दोन प्रसंगांच्या मधे बाणाई आहे. ती काढली तर पहाटे लंगर तोडताना ज्या देवाला आपण घरी बोलावतो, तो कुठून येतो याला पत्ता राहत नाही.

पूर्ण गावी, हे माझ्या एका विद्यार्थ्याचं म्हणणं. त्याला यात जातीविरुद्ध बोलायची संधी दिसत होती. मामांनी त्याला शांतपणे विचारलं, "आणि पहाटे मी टेंपोत बसून जाणार. त्या बाईला घरात कोण बघणार?" बाई म्हणजे काकू.

मग मामी बोलल्या. तोवर त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "बाणाईला दारात आणायचीच नाही. म्हाळसा मी करते. म्हाळसा एकटी बोलंल." म्हणजे देव सारीपाट हरून घरातून जातो, इथवर नेहमीची कथा. तो कुठं गेला ते सांगायचं नाही. बाणाईचं नाव घ्यायचं नाही, चंदनपुरी नाही, लग्न नाही. मागं राहिलेल्या म्हाळसेनं तेवढं बोलायचं. भांडणातली अर्धी बाजू गायची आणि अर्धी मोकळी सोडायची.

मामांना ते लगेच पटलं, मलाही. या घरात सगळ्यांचा राग, अपमान, वाट बघणं हे म्हाळसेच्या बाजूचं होतं, आणि गाण्यात त्या बाजूला भरपूर जागा आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच आधी ध्यानात आलं नव्हतं. मी त्या आनंदात होते. तात्यांना हे सांगायचं का, हा प्रश्न कुणी काढला नाही. मीही नाही.

काय केलं

अंगणात चौक भरला होता. कडब्याची पाच ताटं उभी करून वर बांधलेली, खाली नवं वस्त्र, त्यावर धान्य आणि घट, बाजूला दिवटी आणि बुधली. नवरा-नवरी पाटावर. पुरुष मंडपाच्या बाहेरच्या अंगाला, बायका ओसरीला धरून आत. मी बायकांत बसले. रेकॉर्डर घटाजवळ ठेवला होता. तात्यांची परवानगी मी आधी घेतली होती, "जागरणाचं गाणं रेकॉर्ड करते" एवढ्या शब्दांत.

दहाला भोंगा बंद झाला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळं रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि गावात नुकतीच पोलिसांची समज येऊन गेली होती. माइक गेला की जागरण बदलतं. पार्टी पुढं सरकते, बायका जवळ येतात, बाहेरचे पुरुष हळूहळू आपसात बोलायला लागतात. साडेअकरापर्यंत मणिमल्लाचा वध आणि पालीचं लग्न झालं. मग मामांनी सारीपाट मांडला.

देव हरला, उठला, निघाला. "देव कुठं गेला?" असं मामांनी विचारलं आणि दिमडी थांबवली. नुसतं तुणतुणं चालू राहिलं. नेहमी इथं पुढची ओळ येते आणि श्रोत्यांना ती पाठ असते. त्या रात्री ती आली नाही. माझ्या शेजारच्या म्हातारीनं ती मनातल्या मनात पुरी केली, तिचे ओठ मला हलताना दिसले.

मामी उठल्या. डोक्यावरचा पदर काढून त्यांनी तो कमरेला घट्ट खोचला. एवढ्यावर त्या म्हाळसा झाल्या. गाणं थोडं, बोलणं जास्त. तापलेलं दूध कुणासाठी झाकून ठेवलंय ते म्हाळसा विचारत होती. बारा वर्षं दिवटीला तेल घालतेय, शेजारणी विचारतात धनी कुठं गेला, काय सांगू? मग राग. मला न विचारता गेला, माझ्या घरची अब्रू वेशीवर टांगून गेला. हे नेहमीच्या भांडणातले बोल नव्हते. अर्धे मामींनी दोन दिवसांत जुळवले होते आणि अर्धे तिथंच सुचले, असं त्यांनी नंतर सांगितलं.

जागरणात मुरळी बायकांमधे येऊन थट्टेनं प्रश्न विचारते, ही रीतच आहे. मामी खाली आल्या. "सांगा गं बायांनो. उद्या बारा वर्षांनी कुणी दारात उभं राहिलं तर काय करू? घेऊ आत, का लावू दार?" एकजण हसून म्हणाली, "लाव की दार!" दुसरी म्हणाली, "आधी झाडू घे हातात." सगळ्या हसल्या. मामी एकेकीपुढं थांबत काकूंपुढं आल्या.

इथं त्या पुढं जाऊ शकत होत्या. गेल्या नाहीत.

काकूंच्या मांडीवर तळीचं ताट होतं, त्यात खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा. त्या मघापासून एका वाटीची कड नखानं कुरतडत होत्या, त्यांची बोटं पिवळी झाली होती. मामींनी तोच प्रश्न विचारला, पण आवाज खाली आणला. काकूंनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, "आधी विचार तिला, जेवली का."

मामींनी 'कुणी' असं विचारलं होतं. काकूंनी 'तिला' म्हटलं. आमच्याभोवती दहा-बारा बायका असतील, त्यांना ते ऐकू गेलं. बाहेर पुरुषांत गेलं नाही, माइक बंद होता. मामींनी मला नंतर सांगितलं की दार लाव म्हणाली तर काय बोलायचं, आत घे म्हणाली तर काय, आणि गप्प राहिली तर काय, अशी तीन उत्तरं त्यांच्यापाशी तयार होती. याला उत्तर नव्हतं. त्या तशाच मागं फिरल्या, घटाजवळ गेल्या आणि म्हाळसा कुणाला तरी ताट वाढते आहे असं गायला लागल्या. हा प्रसंग कुठल्याच पाठात नाही.

बायका रडत होत्या. ते बाहेरून दिसलं. तात्या आत आले, मामांकडं बघून म्हणाले, "आरती घ्या." मामांनी दुसऱ्या क्षणाला आरती घेतली. तळी उचलली, लंगर तोडला, सदानंदाचा येळकोट झाला. पहाटेपर्यंत चालायचं ते अडीचला संपलं. तात्यांनी उरलेल्या सात हजारांतले दोनच दिले. मामांनी मोजले नाहीत, कपाळाला लावून खिशात ठेवले.

निघताना माझं लक्ष काकूंकडं गेलं. कुरतडलेली खोबऱ्याची वाटी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली होती.

निष्पत्ती

इथवर सगळं त्या अंगणात होतं. तिथंच राहिलं असतं तर हे प्रकरण मी वेगळं लिहिलं असतं.

माझ्या एका विद्यार्थ्यानं आपल्या मोबाइलवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला होता. त्यात मामींचा प्रश्न होता आणि काकूंचं उत्तर. दुसऱ्या दिवशी त्यानं तो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला, वर दोन हात जोडलेले. त्याच्या मनात आदरच होता. संध्याकाळपर्यंत तो तालुक्यात फिरला. तात्यांना तो पुण्याहून एका पाहुण्यानं पाठवला, खाली विचारलं होतं: "ही कोण, जेवली का?"

बारा बायकांत बोललेलं वाक्य गावात गेलं. तात्या आठ दिवस काकूंच्या हातचं जेवले नाहीत. बापू मधल्या मधे गप्प. भावकीतल्या दोन घरांनी मामांच्या ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या, म्हणजे ऐन हंगामात दोन रात्री गेल्या.

तोच व्हिडिओ लेकीपर्यंतही पोचला. तिनं मला नंतर सांगितलं की तिनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा रागच आला होता. आईचा चेहरा लोक बघतायत, याचा.

आणि एक गोष्ट झाली जिचा आमच्यापैकी कुणी विचार केला नव्हता. नव्या सुनेला आपल्याला नणंद आहे हेच ठाऊक नव्हतं. लग्न जमवताना सांगितलेलं नव्हतं. व्हिडिओ तिच्या माहेरून तिला आला. तिनं नवऱ्याला विचारलं, 'तिला' म्हणजे कुणाला? तिच्या माहेरच्यांनी फसवणूक म्हणून बोलणं लावलं असतं, तशी चिन्हं होती. सुनेनं ते मिटवलं आणि नवऱ्याकडून नंबर घेऊन तिनंच नणंदेला फोन लावला. चार वर्षांत त्या घरातून गेलेला तो पहिला फोन.

पाच महिन्यांनी लेक बाळंत झाली. काकू आणि बापू तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. बापू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले, बाळाला बाहेर आणून दाखवलं तेव्हा त्यांनी शंभराची नोट दुपट्यात खोचली. काकू तासभर आत होत्या. लेक अजून माहेरी आलेली नाही. तात्या तिच्याशी बोललेले नाहीत. बाळाचं नाव काय ठेवलं, हे मात्र त्यांनी सुनेला विचारलं होतं, असं तिनं सांगितलं.

मी विद्यार्थ्याला घेऊन तात्यांकडं माफी मागायला गेले. त्यांनी पाणी दिलं, बसवलं. विद्यार्थ्याला एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "बाई, तुम्ही गाणं न्यायला आला होता. घर घेऊन गेला."

वेगळं काय करता आलं असतं

मामांचं 'बघतो' हे पहिलं. कलावंताला यजमानाच्या अटीत राहून गायचं नसेल तर ते सुपारी घेतानाच बोलावं लागतं. तात्यांना सरळ विचारता आलं असतं: बाणाई येणार नाही, पण म्हाळसा बोलली तर चालेल का? कदाचित नाही म्हणाले असते. कदाचित त्यांनाही ती बाजू ऐकायची असती. 'अब्रू वेशीवर टांगली' हे वाक्य काकूंपेक्षा तात्यांचं होतं, आणि ते गायलं जात असताना तात्या बाहेर दुधाच्या दराबद्दल बोलत होते. त्यांना न सांगितल्यानं ज्याच्या दुखण्यासाठी ही वाट काढली, तोच तिच्या बाहेर राहिला. मामांशी मी हे बोलले. ते म्हणाले, "खरं हाय. मी भ्यालो."

मामींनी काकूंना सगळ्यांदेखत विचारायला नको होतं, असं माझं मत आहे. मामींचं तसं नाही. त्या म्हणतात, एकटीला विचारलं असतं तर ती बोललीच नसती, गाण्यात विचारलं म्हणून बोलली. यावर आमचा वाद संपलेला नाही. जागरणात एक सवलत असते. तिथं बोललेलं देवापुढं बोललेलं, ते मनावर घ्यायचं नाही, असा संकेत आहे. त्या संकेताच्या भरवशावर मामींनी विचारलं आणि काकूंनी उत्तर दिलं. हा भरवसा अंगणापुरता खरा होता. कॅमेऱ्याला तो संकेत माहीत नाही, आणि ते बघणं माझं काम होतं.

माझी चूक अशी की मी परवानगी कर्त्या पुरुषाची घेतली आणि बसले बायकांत. ज्यांचा आवाज येणार होता त्यांना विचारलंच नाही. विद्यार्थ्यांना रेकॉर्डर कसा ठेवायचा ते शिकवलं होतं, त्यांच्या खिशातल्या फोनबद्दल एक शब्द बोलले नव्हते. शिवाय घरात काय चाललंय हे मला दोन दिवस आधी कळलं होतं. तेव्हाच ठरवायला हवं होतं की ही रात्र मुद्रित करायची नाही. मी ठरवलं नाही, कारण म्हाळसेची अशी एकटीची बाजू यापूर्वी कुणी गायलेली मी ऐकली नव्हती आणि ती मला हवी होती.

आता आम्ही जातो तिथं फोन आधी एका पिशवीत जमा होतात. परवानगी बायकांकडून वेगळी घेते, आणि दुसऱ्या दिवशी मुद्रण ऐकवून पुन्हा विचारते. मामा सुपारी घेताना घरातल्या सगळ्या लेकींची नावं विचारतात. एखादं नाव आलं नाही असं वाटलं तर त्या घरी मामींना घेऊन दुसऱ्यांदा जातात, आणि मामी स्वयंपाकघरात बसतात.

ते मुद्रण काकूंना मी सुनेच्या मदतीनं ऐकवलं. त्यांनी कानाला लावून सगळं ऐकलं, आपलं वाक्य आलं तेव्हा डोळे मिटले. ठेवू का पुसू, मी विचारलं. म्हणाल्या, "तिचं गाणं ठेवा. माझा आवाज काढा." मग हे लिहिण्याबद्दल विचारलं. थोडा वेळ गेला. "लिहा," म्हणाल्या. "आवाज नको."

कॉलेजच्या संग्रहातल्या प्रतीत त्या जागी सहा सेकंद काहीच नाही. तुणतुणंही नाही, कारण आवाजाबरोबर तेही कापावं लागलं. मग मामींची पावलं ऐकू येतात आणि म्हाळसा ताट वाढायला लागते.